कण्यावरचा नंबर

अमेरिकेतल्या क्रायटेरिअन कंपनीने 1984 साली लेझरडिस्कवर 'सिटिझन केन' काढला आणि अभिजात सिनेमा कपाटात मावू लागला. आता तो कपाटाबाहेर येत नाही, ही गोष्ट वेगळी. भक्तमंडळींचा जीव डीव्हीडीच्या डबीच्या कण्यावरच्या नंबरात: 1 म्हणजे 'ग्रँड इल्युजन', 2 म्हणजे 'सेव्हन सामुराय'. मधला एखादा नंबर नसला की झोप उडते. तो सिनेमा आवडतो का, हे विचारायचं नाही.

खरी हाणामारी पुठ्ठ्यावरून. घडीचा पुठ्ठा असेल तर तबकडी काढताना चरा पडतो म्हणे. साधी प्लॅस्टिकची डबी दिली तर शान जाते. वेष्टनाचा कोपरा टाचणीच्या डोक्याएवढा दबला तरी पार्सल परत. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या आगीत होरपळल्या. जे वाचलं ते बोलोन्यातल्या कारागिरांनी हाताने दुरुस्त करून वर्षानुवर्षांच्या कष्टाने पडद्यावर परत आणलं. त्या त्रयीच्या क्रायटेरिअन-संचाविषयी रसिकाला विचारा: "डबा झकास, पण तबकड्या खाचेत फार घट्ट बसतात हो!"

'सेव्हन सामुराय' चांगला 207 मिनिटांचा आहे. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांकडे त्याच्या तीन आवृत्त्या आहेत. तिन्हींचं सेलोफेन शाबूत.