संशयाचा फायदा

गाडीतलं कूलंट कमी झालंय हे कसं ओळखायचं, असं कुठल्याही मेकॅनिकला विचारा. हातातला पाना खाली न ठेवता तो सांगेल. गाडीत गोडसर वास येतो. बॉनेटमधून पांढरी वाफ निघते. गाडी उभी असते तिथे ओल राहते. हीटर लावला तर गार वारा येतो. पाइपांच्या जोडांवर रंगीत पापुद्रा धरतो. यादीत चूक काही नाही, फक्त ती करणारा सोमाटण्यात राहत नसावा. आमच्या मावळात यातल्या प्रत्येक लक्षणावर आधीच दुसऱ्या कुणाचा तरी मालकी हक्क आहे.

वासाचंच घ्या. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते तापलं की गुळाच्या पाकासारखा वास सुटतो. (वासावर जाऊन चव बघू नये. ते विषारी असतं, आणि गोड असल्यामुळे कुत्र्यांच्या जिवावर बेततं.) आषाढात लोणावळ्याहून परतताना, कामशेत मागे पडल्यावर, मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गोड वास येतोय रे कसला तरी." लोणावळ्याहून येणाऱ्या गाडीत गोड वास येणं हा काय पुरावा झाला? मांडीवर शेंगदाणा चिक्की, डिकीत काजू चिक्की, शिवाय मेहुण्यांनी ऑफिससाठी घेतलेली फज. तपासात कसूर नको म्हणून एकेक खोका उघडून हुंगण्यात आला, आणि हुंगलेली चिक्की लोकांना कशी द्यायची म्हणून ती तिथेच संपवण्यात आली. वडगाव येईपर्यंत चिक्की संपली, वास तसाच. "कपड्यांना लागला असेल," असा निकाल लागला.

वाफेची तर बातच नको. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तिथे ढग आकाशात कमी आणि रस्त्यावर जास्त असतात. राजमाची पॉइंटला गाडी लावली तेव्हा बॉनेटच्या फटीतून पांढरं काहीतरी वर येत होतं. पण तसं ते दरीतूनही येत होतं, कणसाच्या शेगडीवरूनही येत होतं आणि चहाच्या टपरीवरूनही. शेजारी मुंबईची पाहुणेमंडळी होती. त्यांनी आमच्या बॉनेटवरच्या धुक्यासह फोटो काढून घेतले आणि जाताना "थँक्यू" म्हणाले.

राहिली ओल. आमच्या सोसायटीत देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा शास्त्रीय पद्धतीवर विश्वास. ते म्हणाले, रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा. बिनरंगी थेंब पडले तर ते एसीचं पाणी, काळे पडले तर ऑइल, रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागले तर कूलंट. पद्धत खरोखर उत्तम आहे, कुणीही करून बघावी, पण मार्गशीर्षात. श्रावणात अंथरलेलं वर्तमानपत्र सकाळी तिसऱ्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडलं आणि दिवसभर संशय त्या स्कूटरवर राहिला.

हीटरची चाचणीही अशीच. इंजिनाची ऊब घेतलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यावरून वारा सोडला की झाला हीटर. कूलंट कमी पडलं की तिथवर ते पोचत नाही आणि गार वारा येतो. एकदम चोख परीक्षा. पण सोमाटण्यात गाडीचा हीटर लावतो कोण? एसीच्या बटणाला लाल बाजूही असते हे आमच्या घरी कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यातून गार वारा आलाच असता, तर आम्ही म्हटलं असतं, काय छान गाडी आहे!

या सगळ्यात मेहुण्यांची भूमिका वेगळी आणि वडिलोपार्जित होती. त्यांच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती, 1089 सीसीची. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपासची चढण, आत सहा माणसं आणि टपावर वळकट्या. त्या काळी घाटात गाडी तापणं हा बिघाड समजलाच जात नसे. तो प्रवासातला ठरलेला थांबा होता. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या बॉनेट उघडून रांगेत उभ्या राहत. घाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती या शिंगरू धनगराने, अशी गोष्ट सांगतात. गाड्यांचा रस्ता 1830 साली झाला आणि आगगाडी 1863 साली घाट चढली, पण नाणं वाहायचं ते अजून शिंग्रोबालाच. नाणं देवाला आणि तांब्याभर पाणी रेडिएटरला, की झाली गाडी पुढे जायला मोकळी.

म्हणून मेहुण्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन असतो. पाण्याने सगळं भागतं यावर त्यांची श्रद्धा. तेव्हाचे तांब्या-पितळेचे रेडिएटर बरंच सोसायचे. आताचे अॅल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या, आणि बोअरचं पाणी म्हणजे क्षारांचं पाणी. ते आत पुटं धरतं. आपल्याकडे काही पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं मेहुणे विचारतात. पण प्रश्न गोठण्याचा नाही, उकळण्याचा आणि गंजण्याचा आहे. लोणावळ्याच्या उंचीवर साधं पाणी 98 अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल तर 107 पर्यंत तग धरतं आणि झाकण दाब धरून असेल तर सव्वाशेच्याही पुढे. हे मी त्यांना समजावेपर्यंत त्यांनी कॅन टाकीत रिकामा केलेला असे. पातळी पुन्हा मॅक्सच्या खुणेवर. म्हणजे उरलासुरला पुरावाही नष्ट!

गणपती आले आणि गेले. विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी अडकली आणि आतबाहेर गुलाबी झाली. मग दसरा. पूजेसाठी बॉनेट उघडलं तर रेडिएटरवर जाड होज पाइप बसतो तिथे, क्लिपच्या भोवती, गुलाबी पापुद्रा. आईने हात जोडले. "देवाचा गुलाल बघ कुठवर पोचलाय." त्यावर तिने हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. काकांनी मान डोलावली. पाचवं लक्षणही असं सुटलं.

मग ऑक्टोबरचं ऊन आलं आणि मावळाने अंग काढून घेतलं. धुकं नाही, पाऊस नाही, चिक्की नाही. गुरुवारची संध्याकाळ होती. सोमाटणे फाट्यावर एका अंगाने तळेगावची वाहनं, दुसऱ्या अंगाने शिरगावच्या प्रतिशिर्डीला निघालेली गर्दी आणि पुढे टोलनाका. गाडी पळत असते तोवर समोरचा वारा रेडिएटरला वाचवतो. रांगेत उभी राहिली की सगळा भार एकट्या फॅनवर. आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही, दिवे आहेत. गार असेल तर निळा, तापली तर लाल, मधल्या काळात मौन. लाल लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि इंजिनाची धग बाहेर ओढावी म्हणून हीटर पूर्ण सोडला. तो थोडा वेळ भट्टीसारखा तापला आणि मग एकदम गार झाला. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या गार वाऱ्याने पहिल्यांदाच मला घाम फुटला. टाकीत काही उरलं नव्हतं.

गाडी बाजूला घेऊन बंद केली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. दाब सुटतो आणि आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबायचं, वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत. मावळातल्या माणसाला हायवेच्या कडेला अर्धा तास गप्प उभं करणं हे इंजिन थंड करण्यापेक्षा अवघड काम आहे. एक रिक्षावाले थर्मोस्टॅट काढून फेका म्हणाले. एक दूधवाले हेड गॅस्केट उडालं असं छातीठोक सांगून दुधासह निघून गेले. मेहुणे कॅन हातात घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारत होते आणि आई त्यांच्या वाटेत उभी होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या दादांनी गार इंजिनावर हातपंप लावून आत हवा भरली. पंपाचा काटा चढला आणि हळूहळू उतरायला लागला. त्यांनी बॅटरी धरली. वरच्या पाइपाच्या क्लिपखालून एक थेंब आला, बरोबर झेंडूच्या सुकलेल्या देठाजवळ. ते नखाने पापुद्रा खरवडणार, तोच आई म्हणाली, "अहो दादा, दसऱ्याचं आहे ते. पुसू नका."

दादांनी बोट कपाळाला लावलं, मग ब्रश घेतला. क्लिप बदलली. आत बहुतेक मेहुण्यांच्या कॅनमधलंच पाणी निघालं. सगळं फ्लश केलं. नुसत्या रंगावरून कूलंट ठरवायचं नसतं, म्हणून त्यांनी गाडीचं पुस्तक उघडून बघितलं आणि आईला म्हणाले, "आजी, तुमच्या गाडीला चालणारं हे हिरवंही मिळतं. तेच टाकतो. म्हणजे गळलं की लगेच कळेल, गुलालात घोटाळा नको."

"हिरवं?" मेहुणे म्हणाले. "जुलैत शेवाळ वाटेल."