झाकली मूठ पॉइंट बत्तीसची

अण्णा दर मे महिन्यात सूर्यमाळला येतात ते जाकिटासाठी. ठाण्याच्या उकाड्यात जाकीट घातलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. न घालावं तर कमरेचं रिव्हॉल्व्हर लपवायचं कशाखाली? मोखाडा तालुक्यातलं हे गाव उंचावर, संध्याकाळी वारं सुटतं. वारं सुटलं रे सुटलं की अण्णा जाकीट चढवतात आणि दिवसभराचा आकसलेला चेहरा सैल होतो.

परवानाधारक माणूस शंभरात ओळखू येतो. दर दोन मिनिटांनी त्याचा हात शर्टाचा काठ खाली ओढतो. गळाभेट घ्यायची वेळ आली तर तो डाव्या अंगानेच घेतो. खुर्चीत तिरका बसतो. आणि ‘काळ फार वाईट आलाय’ म्हणताना कमरेकडे एकदा बघतोच.

अण्णांचं कानपूरचं .32. 9 एमएम सामान्य माणसाला निषिद्ध, म्हणून हे. ‘2016 चे शस्त्र नियम काय सांगतात? हत्यार होल्स्टरमध्ये पाहिजे आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे,’ हे अण्णांना रामरक्षेसारखं पाठ आहे. पंचाईत एवढीच, की पूर्ण झाकलं तर लोकांना कळणार कसं? नियम पाळायचा आणि तो पाळतोय हे चारचौघांना दिसायचं, या ओढाताणीत अण्णांची पाच होल्स्टरं झाली.

पहिलं कातडी, पट्ट्यावर बाहेरून अडकवायचं. रिव्हॉल्व्हरला मधे सहा गोळ्यांचं गरगरीत सिलिंडर. पातळ सुती शर्टातून ते असं वर आलं, की शेजारच्या वहिनींनी हळूच हर्नियाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. दुसरं पँटच्या आत खोचायचं. त्यासाठी अडतीसच्या पँटी चाळीसच्या केल्या. पण कातडं घाम प्यायलं आणि नळीला गंजाची लव आली. तिसरं काखेतलं, त्याला वर कोट हवा. चौथं घोट्याचं. ते खरोखर कुणाला दिसलं नाही, देवबांधच्या गणपतीला जाईपर्यंत. तिथे अण्णांनी मांडी घातली, पँट वर सरकली आणि पलीकडच्या आजींनी नातवाला जवळ ओढलं. पाचवं कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं. ते घाम पीत नाही, पोट मात्र चावतं. जेवण झालं की अण्णा न्हाणीघरात जाऊन पोट मोकळं करतात, म्हणजे होल्स्टर सैल करतात.

मग कुणी तरी सांगितलं, मोठ्या नक्षीच्या ढगळ शर्टात फुगवटा दिसत नाही. तेव्हापासून साठीचे अण्णा पोपट आणि नारळाची झाडं छापलेले शर्ट घालतात. रिव्हॉल्व्हर दिसेनासं झालं. अण्णा खोडाळ्याच्या स्टँडवरून दिसू लागले.

इथे अण्णांना वाट दाखवायला एक म्हातारबाबा येतात. त्यांच्या कमरेला सुतळी, सुतळीत मागच्या बाजूला लाकडाची आकडी, आकडीत कोयता. आकडी म्हणजे खाच कोरलेला तळहाताएवढा ठोकळा. वर्षानुवर्षं घासून त्याची खाच आतून गुळगुळीत झालेली. पातं अंगाला टेकत नाही, वाकलं तरी टोचत नाही, घाम आला तर लाकूड आपलं आपण वाळतं. अंगावर बंडी असो वा नसो, आकडीला काही फरक पडत नाही. अण्णांनी त्यातही कायदा काढलाच. ‘शस्त्र नियमांच्या परिशिष्टात 9 इंचांवरची पाती येतात. पण शेतीच्या हत्याराला मोकळीक आहे, म्हणून तुम्ही सुटलात!’ बाबांनी मान डोलावली आणि विडी शिलगावली.

2024 च्या मे महिन्यात अण्णा आले तेव्हा आचारसंहिता होती. पालघरचं मतदान 20 तारखेला. रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा. मला वाटलं, यंदा तरी हा माणूस सरळ बसेल. पण पोपटांच्या खाली फुगवटा जागच्या जागी! हात दर दोन मिनिटांनी काठ ओढतच होता.

त्या सकाळी आम्ही करवंदं खायला निघालो. पायवाटेवर एका ठिकाणी जाळी दोन्ही बाजूंनी मिळून आलेली. आत काही तरी सळसळलं. अण्णा थबकले. हात विजेसारखा शर्टाखाली गेला. टक्‌ करून आवाज झाला आणि बाहेर आलं ते चष्म्याचं घर.

बाबांनी तोवर पाठीमागे न बघता कोयता उपसून दोन घाव घातले होते. जाळीतून एक कोंबडी ओरडत पळाली. कोयता खाचेत परत गेलासुद्धा, अण्णांचं घर अजून हातातच.

जरा वेळाने अण्णांनी बाबांना बाजूला घेतलं. आकडीवरून बोट फिरवलं, सुतळी ओढून पाहिली.

‘अशी एक मला करून द्याल? पण पातळ पाहिजे. शर्टाखाली दिसता कामा नये.’

बाबांनी विडी विझवली.

‘लपवायची कशाला, शेठ? करवंदीला काय म्हाईत नाय का, माझ्याकडं कोयता हाय ते?’

अण्णांनी चष्मा पुसला, घरात घातला आणि ते घर पुन्हा होल्स्टरमध्ये. मग शर्टाचा काठ खाली ओढून ते पुढे चालू लागले, उजवा हात अंगापासून थोडा लांब धरून.