‘सध्या टेम्परवारी चालवून दे!’

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं भरायची, अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्रे उतरवायचे आणि रविवारी बदलापुरात कुणाचं तरी बिऱ्हाड हलवायचं, यावर भाऊंचं पोट चालतं. ते येताहेत हे सांगावं लागत नाही. आधी खडखडाट पोचतो, मग धूर आणि सवडीनं गाडी.

गाडी टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं आणि भाऊंची गाडी त्यानंतर फार उशिरा आलेली नसावी. मूळ रंग कोणता, याबद्दल घरातच दोन मतं आहेत.

गॅरेजवाल्याशी भाऊंचं बोलणं एकच. “उस्ताद, सध्या टेम्परवारी चालवून दे. पुढच्या महिन्यात पक्कं काम करू.” रेडिएटरचा पाइप जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलाय, तो टेम्परवारी. रेडिएटरला बारीक छिद्र पडलं तेव्हा भाऊंनी घरातली हळद पाण्यात सोडली. हळद फुगून छिद्रात बसते आणि गळती थांबते. पण तीच हळद आतल्या बारीक नळ्यांतही बसते आणि चढावर इंजिन तापतं. वहिनींचं दुःख वेगळं. हळद लोणच्यासाठी ठेवलेली होती. डिझेलची टाकी चिरली की धुण्याचा साबण मळून चिरेत दाबायचा. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही, एवढं रसायनशास्त्र भाऊंना एमआयडीसीतल्या कुठल्याही साहेबाइतकं येतं. वरून एम-सील लावायचं ठरलं होतं. अजून साबणच आहे.

वॉटर पंपाचं गॅस्केट फाटलं तर लग्नपत्रिका. पत्रिका पंपाच्या तोंडावर धरून कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकत गेलं की हवा तो आकार कापून निघतो. वर ग्रीसचा हात फिरवायचा. हेड गॅस्केटला हे चालत नाही, तिथली उष्णता आणि दाब कागदाला सोसत नाहीत. तरी भाऊ लग्नाला जावोत न जावोत, पत्रिका टाकत नाहीत. यजमानाची ऐपत ते कागदाच्या जाडीवरून ठरवतात.

बॅटरी तर मुळातच नावाला. जुन्या डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच इंधन पेटतं, एकदा सुरू झालं की त्याला वीज लागत नाही. म्हणून भाऊ गाडी उतारावर लावतात, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, सेकंड गिअर टाकायचा, गाडी घरंगळली की क्लच सोडायचा. गिऱ्हाइकाचं घर सपाटीवर असेल तर भाऊ इंजिन चालूच ठेवतात आणि घाई असल्याचं सांगतात. इंजिन बंद करायची तार तुटल्यापासून इंधन-पंपाच्या दांडीची सुतळी केबिनमध्ये आणली आहे. तिला हात लावायचा नाही, असा क्लीनरला दम आहे. पावसात वायपर रुसला तर काचेवर तंबाखू चोळायची; पाणी थेंबाथेंबानं न साचता सपाट वाहतं. उरलेली तोंडात.

भाऊंना हसावं तर गावाकडेही बघावं लागतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवलं, तेही तात्पुरतंच. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. लोक पत्ता मात्र अजून कॅम्प नंबरानंच सांगतात.

एका ठिकाणी भाऊ उस्तादाचंही ऐकत नाहीत: ब्रेक. तिथं किट नवं आणि डब्यातलं. माल भरून माळशेज उतरलेल्या माणसाला सुतळीची मर्यादा कळते. बाकीच्या गाडीबद्दल असं म्हणता येणार नाही आणि भाऊंच्या मागून स्कूटर चालवणाऱ्यांनी अंतर ठेवलेलं बरं.

सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहनं भंगारात काढण्याचं धोरण जाहीर केलं आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फीही वाढवली. वहिनींनी लकडा लावला. शेवटी भाऊ गाडी घेऊन भंगारवाल्याकडे गेले. वजन झालं, भाव जुळत आला. तेवढ्यात ढिगात त्यांना दुसऱ्या ४०७चा डावा दरवाजा दिसला, काचेसकट! अर्धा तास घासाघीस करून तो त्यांनी विकत घेतला आणि मागे टाकला. भंगारवाल्याचं आवार सपाट होतं. गाडीला धक्का त्याच्याच दोन पोरांनी मारला.