कमरेला काय शोभेल?

पिस्तूल ग्लॉकचं घ्यावं की सिग सावरचं, असा पेच मीरा रोडच्या एखाद्या बिल्डरशेठना पडलाच, तर सरकारने तो केव्हाच सोडवलाय: ९ मिमी सामान्य माणसाला निषिद्ध. उरलं मुख्यतः .३२ बोअर. त्यात कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर, २०१४ सालचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात जिवाला धोका असल्याचं पटवून द्यायचं. (सकाळची चर्चगेट लोकल पुरावा म्हणून चालत नाही.) मिळालंच, तर हळदीत शर्ट जरा वर सरकवून मिरवावं, उडवू मात्र नये; शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीलाही २ वर्षांपर्यंत कैद आहे. आणि निवडणूक लागली की ते बहुधा पोलीस ठाण्यात जमा. नेमकं तेव्हाच, जेव्हा शेठना तिकीट न मिळालेल्या मित्रांची खरी भीती असते.