१२० तासांची वसुंधरा

पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सांगितलं. सांगितलेलं ऐकू यायला बारा वर्षं लागली. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले, तेव्हा कुठं विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम कॉलेजाकॉलेजांत पोचला. विषय सक्तीचा झाला आणि मुलांनीही त्याच्यावर सक्तीच्या विषयाला शोभेल असं प्रेम केलं, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री. ही उणीव नव्या शैक्षणिक धोरणानं आता भरून काढली आहे. यापुढे मुलानं पर्यावरण नुसतं वाचायचं नाही, तर इंटर्न होऊन बाहेर पडायचं आणि ते लोकांना शिकवायचं. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. आपल्याला न कळलेली गोष्ट १२० तास न अडखळता दुसऱ्याला सांगत राहणं, याहून मोलाची पूर्वतयारी नोकरीसाठी दुसरी कोणती असेल, मला तरी सुचत नाही.

मी आमच्या महाविद्यालयाच्या पर्यावरण कक्षाचा समन्वयक आहे, त्यामुळे हे कौतुक ऐकीव नाही. बँकेत जागा मिळाली नाही, सीएच्या ऑफिसात ओळख निघाली नाही, काकांच्या कारखान्यानं शिक्का द्यायला नकार दिला, असा प्रत्येक विद्यार्थी शेवटी आमच्याकडे येतो. पृथ्वी कुणालाच नाही म्हणत नाही. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेतही वर्षाला १२० तासच भरावे लागतात, हा योगायोग मुलांच्या नजरेतून सुटलेला नाही. एकच खराटा, एकच सकाळ, एकच फोटो आणि दोन फायली. संसाधनांचा काटकसरीनं वापर करा, असं आपण त्यांना सांगतो. मुलं ऐकत नाहीत असं कोण म्हणतं?

आमच्याकडेही ज्यांची सोय होत नाही त्यांच्यासाठी बाहेर बाजार मोठा आहे. व्हॉट्सॲपवर संदेश येतो: पर्यावरण दूत पाहिजेत, स्टायपेंड नाही, प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र मिळेल, टी-शर्टचे पैसे आगाऊ भरावेत. कामही ठरलेलं असतं. संस्थेचं पान फॉलो करायचं, पोस्ट पुढं पाठवायची आणि आणखी दहा दूत आणून द्यायचे. ते दहा जण पुढं प्रत्येकी दहा आणतात. नान्नजला १९७९ पासून अभयारण्य असूनही माळढोक दिसेनासा होत आला. इंटर्न ही प्रजाती मात्र कुठल्याही संरक्षणाशिवाय, स्वतःच्या खर्चानं, झपाट्यानं वाढते आहे. वन्यजीव खात्यानं तिच्या प्रजननाचा अभ्यास करावा.

आमचं वर्ष ५ जूनला सुरू होतं. १९७२ साली स्टॉकहोमला ज्या दिवशी पर्यावरण परिषद भरली तो हा दिवस. तिथल्या मंडळींना मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं आणि आपल्याकडचा पाऊस त्यानंतर सवडीनं येतो याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. आम्हाला ती आहे, तरी आम्ही रोपं ५ तारखेलाच लावतो. पावसाच्या भरवशावर लावलेलं झाड कोण जगवणार नाही? खरी निष्ठा कोरड्या मुरमात दिसते. रोपं बहुधा गुलमोहराची असतात, म्हणजे मूळची मादागास्करची; कुंपणालगत मध्य अमेरिकेचा ग्लिरिसिडिया. वसुधैव कुटुंबकम् म्हणतात ते हेच. (दरवर्षी त्याच खड्ड्यात झाड लावण्याचा विनोद फार जुना झाला. तो मी करणार नाही. खड्डा मात्र आता पक्का बांधून घेतला आहे.)

झाडापेक्षा महत्त्वाचा असतो जिओटॅग केलेला फोटो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषाखाली पर्यावरणाची फाइल लागते आणि तिच्यात अक्षांश-रेखांशासह पुरावे लागतात. झाड मरू शकतं. अक्षांश मरत नाही. प्लास्टिकमुक्तीचा फलकही आम्ही अशाच टिकाऊ साहित्याचा करतो. केंद्राच्या बंदीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर येतात, म्हणून आम्ही फ्लेक्सवाल्याला बजावून ठेवलं आहे की पातळ चालणार नाही, जाडच पाहिजे. ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ हे वाक्य त्यामुळे आमच्याकडे पुढची काही शतकं सुरक्षित आहे.

राज्य सरकारनं २०२० च्या गांधी जयंतीला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पाचही महाभूतं त्यात एकदमच घेतल्यानं एखादं सुटण्याची भीती राहिली नाही. शपथ ऑनलाइन घेता येते. वसुंधरेची शपथ घ्यायला वसुंधरेवर पाय ठेवण्याची अट गेली, हे मुलांना फार आवडलं. बऱ्याच जणांनी ती गादीवर लोळत घेतली.

पण कक्षाचा खरा मानबिंदू जनजागृती. तिच्यात पहिला प्रश्न येतो, जागं कुणाला करायचं? दरवर्षी एखादा नवखा मुलगा म्हणतो, ‘सर, टेकडीखाली नवे टॉवर झालेत. पोहण्याचे तलाव आहेत, उन्हाळाभर टँकर येतात. तिथं जाऊ या का?’ उत्साह समजण्यासारखा आहे. पण तिथं फाटक असतं, फाटकावर वॉचमन असतो, वॉचमनच्या हाती इंटरकॉम असतो आणि इंटरकॉमच्या पलीकडे साहेब कायम मीटिंगमध्ये असतात. वस्तीला फाटक नाही. आत उकडतं म्हणून दारंही उघडीच असतात. जनजागृती पाण्यासारखी असते: उताराकडे आपली आपण जाते, वर चढवायची तर पंप लागतो. पंपासाठी अनुदान नाही.

यामागे शास्त्रीय आधारही आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारी मानक आहे. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ते ५५ लिटर आहे. आमचं निवासी शिबिर खेड्यात भरतं. म्हणजे १३५ लिटरवाला मुलगा ५५ लिटरवाल्या बाईला पाणी कसं वाचवावं ते समजावतो. ज्याच्याजवळ वाचवण्याजोगं जास्त, त्यालाच त्यातलं अधिक कळणार. तिच्याजवळ सरावालाच पुरेसं पाणी नाही.

शहरातल्या वस्तीसाठी आम्ही प्रश्नावली तयार केली आहे. इंटरनेटवरून घेतली आहे, त्यामुळे दर्जाबद्दल शंका नको. मागच्या खेपेला आमचा इंटर्न एका दारात उभा राहून वाचू लागला, ‘मावशी, दात घासताना तुम्ही नळ बंद ठेवता का?’

‘नळ बंदच असतो बाळा,’ मावशी म्हणाल्या. ‘पहाटे अर्धा तास येतो, तेवढाच काय तो चालू.’

मुलानं ‘होय’वर खूण केली. अहवालात आम्ही हा मोहिमेचा परिणाम म्हणून दाखवला. पुढचा प्रश्न होता, एसी २४ अंशांवर ठेवता का? २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, त्यामुळे प्रश्न अगदी ताजा होता. पर्याय दोनच, होय किंवा नाही. पत्र्याखाली राहणाऱ्या सगळ्यांनी ‘नाही’ सांगितलं. निष्कर्ष निघाला, वस्तीत ऊर्जाबचतीविषयी शंभर टक्के अनास्था. तक्ता आख्खा लाल आला आणि रंगीत प्रिंटचे पैसे जास्त पडले, पण सत्यापुढं आम्ही खर्च पाहत नाही. ‘कारऐवजी बसनं प्रवास करायला तयार आहात का?’ या प्रश्नावर एका आजोबांनी विचारलं, ‘कुणाच्या कारऐवजी?’ ते उत्तर पर्यायांत नसल्यामुळे बाद धरलं.

कचरा वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात मात्र पंचाईत झाली. प्रात्यक्षिकाला कचरा लागतो आणि मावशींच्या घरात तो निघेना. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत होत्या, भंगारवाल्यासाठी. तेलाच्या डब्यात तुळस. जुनं लुगडं गोधडीत गेलेलं. खरकटं शेजारच्या कोंबड्यांनी सकाळीच संपवलेलं. अशानं मुलांनी शिकवायचं काय? सुदैवानं आमची मुलं प्रसंगावधानी आहेत. त्यांनी फोन करून कॉलेजच्या कँटीनमधून दोन पोती कचरा टेंपोनं मागवला, अंगणात पसरला आणि ओला कोणता, सुका कोणता ते बायकांना सविस्तर समजावलं. प्रात्यक्षिक दृष्ट लागण्यासारखं झालं. परतताना टेंपोत मुलं बसल्यामुळे पोत्यांना जागा उरली नाही.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण त्यांची कार्यपद्धती आजच्या नियमांत बसत नाही. बोलण्याआधीच झाडलं, तर ‘जनजागृतीपूर्वी’ या रकान्यात काय भरणार? हजेरीपत्रक नाही, अभिप्रायपत्र नाही. एवढं आयुष्य घालवूनही त्यांना आमच्याकडे एकसुद्धा क्रेडिट मिळालं नसतं.

अहवालाबद्दल थोडंच लिहितो, कारण तो विषय माझा नसून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा आहे. कागदाच्या एकाच बाजूला छपाई, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. ‘ओढ्याच्या पाण्याचे परीक्षण’ हा प्रकल्प त्याच्याकडे पहिल्यापासून तयार आहे आणि बॅचमागून बॅच तो नव्या मुखपृष्ठानिशी माझ्याकडे येतो. पुनर्वापराचं याहून मोठं उदाहरण शहरात नसेल. तो ओढा बुजवून त्यावर पार्किंग झालं त्यालाही आता बराच काळ लोटला. अहवालात तो अजून वाहतो. पाण्याचा पीएच ७.२ असतो आणि काठावर दोन जातींचे बगळे दिसतात. निसर्ग जपला जातो तो असा.

इतकं सगळं सुरळीत चालू असताना यंदा एका मुलीनं गोंधळ घातला. तिला वस्तीत पाठवलं तर ती तिथल्याच एका कचरावेचक ताईंबरोबर कामाला लागली. सकाळी त्यांच्यामागं ढकलगाडी, दुपारी शेडमध्ये वर्गीकरण. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, काच यांना भाव काय येतो, वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणीच का घेत नाही, हे ती शिकली; शिकवलं मात्र कुणालाच नाही. मी विचारलं, ‘अगं, तू तिथं जनजागृती करायला गेली होतीस ना?’ ती म्हणाली, ‘हो सर, झाली.’ उद्धटपणा नव्हता, पण रकाना रिकामा राहिला.

पुढं तिनं जे केलं ते जास्त गंभीर. त्या ताईंकडे आमच्याच कॉलेजचा कचरा येतो. मुलीनं ५ जूनच्या आमच्या कार्यक्रमाची पोती वेगळी काढली आणि काट्यावर मोजली. पाहुण्यांना दिलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या, अर्ध्या तशाच भरलेल्या. पुष्पगुच्छांचे प्लास्टिकचे वेष्टनकागद. नाश्त्याची खोकी. रोपांच्या काळ्या पिशव्या. आणि थर्माकोलच्या ‘वसुंधरा’मधला तुटलेला ‘सुं’. (थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आमची अक्षरं त्याआधीची आहेत, हे मी समितीला लेखी कळवलं आहे.) प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये देऊन तिनं शेवटी शिफारस केली होती, पर्यावरण दिन साजरा न केल्यास परिसरातला कचरा कमी होईल.

आकडे चोख होते, हे मान्य करावं लागेल. इतकी चांगली आकडेवारी आमच्या कक्षात पूर्वी कधी झाली नव्हती आणि ती वाया घालवणं पर्यावरणाच्या तत्त्वांत बसलं नसतं. म्हणून आम्ही अहवाल स्वीकारला. फक्त ‘अभ्यासाचे ठिकाण’ या रकान्यात महाविद्यालयाऐवजी ‘शहरातील एक वस्ती’ असं करून घेतलं, आणि शिफारशीच्या जागी ‘सदर वस्तीत व्यापक जनजागृतीची गरज आहे’ हे वाक्य. पुढच्या वर्षीचा निधी त्या वाक्यावर मंजूर झाला.

अडचण उरली ती सहीची. इंटर्नशिपला कामाच्या जागच्या मार्गदर्शकाची सही आणि शिक्का लागतो. मुलीनं त्या जागी ताईंची सही आणली होती, ठळक आणि वळणदार. ताईंच्या गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र आहे. पुण्यात कचरावेचकांना अशी ओळखपत्रं १९९० च्या दशकातच मिळाली. पण शिक्का नाही. विद्यापीठ शिक्का मागतं, आणि तोही नोंदणीकृत आस्थापनेचा. मुलगी हटून बसली की शिकवलं ताईंनीच. मी तिला समजावलं की शिकवणारा आणि मार्गदर्शक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला शिक्षणक्षेत्रात राहिली तर पुढं कळेलच. अखेर आमच्या फ्लेक्सवाल्यांनी सहकार्य केलं. त्यांची फर्म रीतसर नोंदलेली आहे, जीएसटी क्रमांक आहे. त्यांनी मुलीला पाहिलेलंही नाही, पण १२० तास समाधानकारक भरल्याचं लिहून दिलं, ‘विद्यार्थिनीचे कार्यक्षेत्र: घनकचरा’ असं स्वतःच्या हातानं भरलं, आणि शिक्का दोनदा मारला, कारण पहिल्यांदा शाई जरा पुसट आली होती.