टपालपेटीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
माननीय टपालपेटीबाई,
तळमजला, जिन्याच्या डाव्या हाताला,
म्युनिक, जर्मनी.

विषय : आमचा अख्खा संसार आपल्या पोटातून चालत असल्याबाबत.
संदर्भ : आपल्यामार्फत आलेली सर्व पाकिटे. (सोबत जोडलेली नाहीत, फाइल उचलवत नाही.)

बाई, स. न. वि. वि.

इंजिनियरांचा देश म्हणून आलो, तेव्हा वाटलं होतं की इथे सगळी कामं फोनवर होत असतील. पुण्यात आमचा भाजीवालासुद्धा कोथिंबिरीच्या जुडीआधी क्यूआर कोड पुढे करायचा. इथे कळलं की देश चालतो तो तुमच्यावर. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात आणि तोही वेगळ्या दिवशी. अकरा आकडी कर क्रमांक पाकिटात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18 युरो 36 सेंट, घरात टीव्ही असो वा नसो, तीही पाकिटातच.

पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो, 'मारुतीच्या देवळासमोर' तर नसतंच. तुमच्या कपाळावर जे आडनाव, तेच काय ते खरं. मी लग्नानंतर नाव बदललं नाही आणि तुमच्यावर पाटी लागली यजमानांची. झालं! माझी पत्रं 'अशी कोणी इथे राहत नाही' म्हणून परत गेली. सासूबाईंनी जो मुद्दा कधी काढला नाही, तो तुम्ही पहिल्याच महिन्यात काढलात.

असो. मूळ विषय मुलांचा.

हे सरकार मुलांच्या बाबतीत कंजूष आहे, असं कोणी म्हणू नये. 2025 मध्ये दर मुलामागे महिन्याला 255 युरो बालभत्ता होता, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखा. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात, म्हणजे इथल्या भाषेत किटात, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तोही 1 ऑगस्ट 2013 पासून. धाकट्याला हा हक्क लगेच मिळाला. जागा मिळाली नाही. इथल्या आया पोट दिसायच्या आधी किटांच्या याद्यांत नाव घालतात म्हणे, आणि आम्ही चालतं-बोलतं पोर घेऊन आलेलो. मग तुम्ही नकार आणून द्यायला लागलात. काय ती पत्रं! जाड कागद, खाली शाईची सही, भाषा इतकी गोड की यजमानांनी पहिलं पत्र अर्ध्यापर्यंत वाचून पेढे आणायची भाषा सुरू केली होती. लाइपझिगच्या तीन आया अशाच अडकल्या, कामावर परतता येईना, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. 2016 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की पालिकेच्या चुकीने जागा मिळाली नाही, तर बुडलेल्या पगाराची भरपाई मागता येते. आम्ही कोर्टात गेलो नाही. त्याचीही उत्तरं तुमच्यातच पडली असती.

शेवटी जागा मिळाली, आणि सुरू झालं 'रुळवणं'. आमच्याकडे पोराला बाईंच्या कडेवर द्यायचं आणि मागे न बघता पळत सुटायचं, ही रीत. इथे आईने वर्गाच्या कोपऱ्यात वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसायचं. खेळवायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, नुसतं दिसत राहायचं. पहिले तीन दिवस बाहेर जायचं नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटं. पोराने मान वर केली नाही, तर पुढच्या वेळी थोडं जास्त. हे आठवडेच्या आठवडे चालतं. माझे गुडघे कानाला लागलेले, समोर पाच पोरं लाकडी गाजरं कापतायत, आणि ऑफिसात माझी नवी नोकरी. साहेबांना सांगितलं, मुलगा किटात रुजू होतोय म्हणून मला रजा हवी. त्यांनी लगेच दिली आणि वर अभिनंदन केलं. मी थक्क!

थोरलीचं ठीक आहे. तिला शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या कमरेएवढा खाऊचा शंकू मिळाला, तेव्हापासून तिचं या देशाशी भांडण नाही.

आता शेजाऱ्यांची चिठ्ठी. 2011 मध्ये इथल्या संसदेने कायदा केला, की पाळणाघरातून किंवा खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज साधारणपणे प्रदूषण धरायचा नाही. फार मोठ्या मनाचा कायदा. रविवारच्या चटणीचा मिक्सर मात्र त्यात बसत नाही, हे तुमच्यात पडलेल्या चिठ्ठीने, 'मैत्रीपूर्ण नमस्कारांसह' कळवलं.

बाई, खरी तक्रार पुढे आहे. मूल आजारी पडलं, तर सरकारी विम्यातल्या आईला वर्षाला 15 आणि बापाला 15 दिवस रजा, पगाराचा बराचसा भाग विमा देतो. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, विम्यातून. तपासण्यांची पिवळी वही, पाळण्यापासून शाळेपर्यंत. या लोकांनी आजीच्या एकेका कामाचं कलम केलंय, आणि ते चोख पाळतातही. प्रत्यक्ष आजी मात्र 180 दिवसांत 90 दिवसच ठेवता येते, किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय विम्यासकट. किटा उन्हाळ्यात तीन आठवडे बंद, आणि आजीचे नव्वद दिवस जूनमध्येच संपलेले. त्या तीन आठवड्यांसाठी कुठलंच कलम नाही.

तरी कृपा करून हा अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवावा. उत्तराची घाई नाही, सवय झाली आहे.

आपली नम्र,
दुसऱ्या पाटीवरची बाई

ता. क. पुण्या-नाशकाहून निघायच्या तयारीत असलेल्यांसाठी : विमानाचं तिकीट मागाहून काढा, किटाच्या यादीत नाव आज घाला. आणि घर मिळालं की टपालपेटीवर दोघांचीही आडनावं लावा.