रेसर मुलांचे पालक कसे व्हावे

ज्यांना हिवाळ्यातला रविवार दुलईत घालवणे पाप वाटते आणि ज्यांच्या गाडीच्या डिकीत अजून थोडी जागा शिल्लक आहे, अशा मराठी आईवडिलांसाठी हे मार्गदर्शन आहे. स्वतःला स्की करता येण्याची अट नाही. आमच्या घरी मुलांच्या बाबांना ते येत नाही. सल्ला मात्र तेच देतात.

स्थळ: आल्प्स लागत नाहीत. मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या दक्षिणेला बर्न्सव्हिल गावी, हायवेच्या अगदी कडेला बक हिल नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम 300 फूट. रोज सकाळी पर्वती चढणारा पुणेकर तिला हसेल. पण 2010 साली व्हँकुव्हरला डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकणारी लिंडसी व्हॉन लहानपणी इथेच, एरिक सेलर यांच्या हाताखाली शिकली. ही माहिती बापांच्या कानावर जाऊ देऊ नये. आमच्याकडे गेली. तेव्हापासून नाश्त्याच्या टेबलावर “लिंडसी तुझ्याएवढी होती ना, तेव्हा...” अशी वाक्ये सुरू होतात. पुरी होत नाहीत, कारण तेव्हा ती काय करायची हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

टेकडी लहान असण्याचा फायदा मात्र खरा आहे. फिरत्या दोराला धरून मूल झटक्यात वर पोचते, खाली येते, पुन्हा दोर धरते. मोठ्या डोंगरावर जो वेळ पाळण्यात बसून जातो, तो इथे वळणे घेण्यात जातो. दोराने हातमोज्यांची चाळण होते, तेव्हा तळव्याला चामडे असलेलेच घ्यावेत.

मोजे: एकच जोड, पातळ. दोन घातले की बुटात पाय आवळला जातो, रक्त पोचत नाही आणि बोटे जास्तच गारठतात. सांगलीच्या आजींनी विणलेले लोकरीचे मोजे रात्री झोपताना घालावेत आणि फोटो न चुकता पाठवावा. आतली गरम विजार मोज्यात खोचू नये. नडगीवर वळी रुतते. बूट रात्रभर गाडीत ठेवू नयेत. सकाळी ते इतके कडक होतात की मुलाचा पाय, आईची कंबर आणि घरातली शांतता यांपैकी काही ना काही मोडतेच.

शू: रेसचा सूट चढवण्याआधी करून घ्यावी. चढवल्यावर पुन्हा येतेच.

मेण: हे पुरुषांचे खाते. स्कीच्या तळाला गरम इस्त्रीने मेण लावतात, गार झाले की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढतात आणि वर ब्रश मारतात. लावलेले जवळजवळ सगळे काढायचेच असते, कारण तळात मुरते तेवढेच कामाचे. बर्फाच्या तापमानाप्रमाणे मेण बदलते. शुक्रवारी संध्याकाळी बाबा हवामानाचे तीन अंदाज ताडून पाहतात, तिन्ही जुळत नाहीत आणि गॅरेजमधून रात्री बाराला वास येत राहतो. फ्लोरिन असलेल्या मेणावर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून पूर्ण बंदी घातली, तेव्हा या गृहस्थांना सुतक आल्यासारखे झाले होते. ज्या मुलासाठी हे चाललेले असते, ते आठ वर्षांचे आहे आणि दुसऱ्या दिवशी मेण लावलेल्या त्याच स्की घालून पार्किंगच्या खडीवरून चालत येते. कपड्यांची इस्त्री मात्र वापरू नये. तिचे तापमान वरखाली होते, तळ जळतो. शिवाय ती माझी आहे.

डबा: दशमी, धपाटे चालतात. तिळाची वडी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी. उणे 15 सेल्सिअसला बाहेर ठेवलेल्या वडीने दुधाचा दात पडल्याचे उदाहरण घरात आहे. फोनही आतच ठेवावा, नाहीतर ऐन रेसच्या वेळी बॅटरी मान टाकते.

निकाल: रेस अर्ध्या मिनिटाची, वाट पाहणे दिवसभराचे. उतरायचे दोनदा, दोन्ही वेळांची बेरीज सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. एक गेट चुकले की नाव बाद. मग सांगलीहून फोन येतो, “कितवा आला रे?” बाद म्हणजे नापास नव्हे, हे आजोबांना पटत नाही. त्यांना आरिफ खानचे उदाहरण द्यावे. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला हा काश्मिरी जायंट स्लालममध्ये 45वा आला आणि स्लालम पुरी करू शकला नाही. आजोबा म्हणाले, “मग आपला बंड्या कशाला एवढा घाबरतो?” बंड्या घाबरत नाही. पडतो, सुटलेली स्की शोधतो, हेल्मेटमधला बर्फ झटकतो आणि खाली येऊन हॉट चॉकलेटचे काय झाले ते विचारतो. घाबरतात ते गॅरेजवाले.

गेटकीपर: पालकांपैकी काहींना उतारावर उभे करून ठरावीक गेट सोपवतात. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कींची टोके गेटच्या रेषेवरून गेली पाहिजेत. न गेल्यास कार्डावर मुलाचा नंबर, गेटचा नंबर आणि ते कसे चुकले याचे छोटे चित्र काढायचे. पेन्सिल न्यावी, पेनाची शाई थंडीत चालत नाही. ओरडून प्रोत्साहन देणे वर्ज्य, आपल्या पोरालाही नाही. मला हेच काम सर्वांत आवडते. इतक्या जवळून मुले फक्त इथेच दिसतात. गोठलेले नाक, दातांत धरलेली जीभ, कुणाची तरी पुटपुट चाललेली, “डावा, उजवा, डावा.” आपले मूल चुकले तरी चित्र काढावेच लागते, ते नीट काढावे.

या कामाला माणसे नेहमी कमी पडतात. येत्या रविवारी मोकळे असाल तर सकाळी सातला या. जाड बूट आणि दोन पेन्सिली आणा. चहाचा थर्मास माझ्याकडे आहे.